एकच गणित, चार पोरं, चार उत्तरं: चार्ज असलेल्या तबकडीचं फील्ड

ओसरीवरचा क्लास (बार्शी)

नमस्कार मंडळी. मी बारावीच्या पोरांचे क्लास घेतो. घरच्याच ओसरीवर, सात पोरं, एक फळा. माझं बीएस्सी केमिस्ट्रीत झालंय. फिजिक्स शिकवायला लागलो कारण गावातले फिजिक्सवाले सर पुण्याला गेले आणि पोरं म्हणाली, ‘सर, तुम्हीच घ्या की.’ तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गणित असं: ५ सेंमी त्रिज्येची पातळ तबकडी. तिच्यावर २ नॅनोकूलोम चार्ज सगळीकडे सारखा पसरलाय. तबकडीच्या अक्षावर, मध्यापासून २ मीटर लांब, विद्युत क्षेत्र (फील्ड) किती?

मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळे अंतराला ‘अ’ म्हणतो, त्रिज्येला ‘त’, चार्जला ‘च’, आणि कूलोमच्या नियमातल्या ९ × १०⁹ ला ‘क’. सूत्र पुस्तकात दिलंय:

क्षेत्र = (२कच/त²) × [१ − अ/√(अ² + त²)]

कंसाबाहेरचं सरळ आहे. २ × क × च म्हणजे ३६, भागिले ०.०५ चा वर्ग म्हणजे ०.००२५. आले १४४००. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढं कंसात √४.००२५ काढायचं, आणि तिथून फाटे फुटले.

पहिला म्हणाला, ४.००२५ म्हणजे ४ च, वर्गमूळ २, कंसात १ − १, उत्तर शून्य. वर मलाच समजावतो, ‘सर, लांब गेलं की फील्ड नसतंच.’

दुसऱ्यानं लॉग टेबल काढलं. ४.००३ चा लॉग ०.६०२४, निम्मा ०.३०१२, अँटिलॉग २.००१. मग २ भागिले २.००१ म्हणजे ०.९९९५. कंसात ०.०००५. उत्तर ७.२.

तिसरी पोरगी मेहनती. तिनं भागाकार पद्धतीनं हातानं वर्गमूळ काढलं, २.०००६२५, अगदी बरोबर. पुढचा भागाकार मात्र चार दशांशांपर्यंतच केला: ०.९९९७. कंसात ०.०००३. उत्तर ४.३२.

चौथ्यानं सूत्र पाठच केलं नव्हतं. त्यानं तबकडी म्हणजे एक ठिपका धरला आणि कच/अ² केलं. १८ भागिले ४. उत्तर ४.५.

गाईडमागचं उत्तर: ४.५ न्यूटन प्रति कूलोम. वर एक ओळ, ‘अ हे त पेक्षा फार मोठे असल्याने द्विपद विस्तार वापरून’. संपलं.

म्हणजे ज्यानं अभ्यास केला नाही तो बरोबर, आणि जिनं वर्गमूळ सहा दशांशांपर्यंत काढलं ती चूक. मी खडू हातात धरून ‘उद्या सांगतो’ म्हणालो आणि क्लास सोडला. उद्या संध्याकाळी सहाला पोरं यायची आहेत.

---

घाईतला माणूस

कॅल्क्युलेटर काढा, दोन सेकंदांचं काम आहे. ४.४९७८९ येतं. गाईडमध्ये राउंड केलंय.

---

ओसरीवरचा क्लास (बार्शी)

दादा, बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबलच असतं, कॅल्क्युलेटर नाही. आणि तुमचं उत्तर ४.४९७८९, गाईडचं ४.५. हा फरक राउंडिंगचा की आणखी कशाचा, हेही मला सांगता येत नाहीये. पोरं विचारणारच.

---

निवृत्त मास्तर (सांगली जिल्हा)

सर, पहिल्यांदा एक सांगतो. तुमची तिसरी पोरगी चुकलेली नाही. तिला चुकीच्या रस्त्यानं पाठवलं गेलं. त्या रस्त्यानं कितीही नीट चाललं तरी पाय मुरगळणारच.

आमच्याकडं साखर कारखान्याचा वजनकाटा आहे. उसानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट त्यावर चढते. समजा तो काटा दहा-दहा किलोनं सरकतो. आता ड्रायव्हरच्या भाकरीच्या डब्याचं वजन काढायचं म्हणून तुम्ही आधी डब्यासकट ट्रॅक्टर-ट्रॉली तोलली, मग डबा खाली ठेवून पुन्हा तोलली, आणि वजाबाकी केली. काय येईल? कधी शून्य, कधी दहा किलो. काटा खोटा नाही, ट्रॅक्टर खोटा नाही, वजाबाकीही बरोबर. पण भाकरीचा डबा असा तोलत नसतात.

तुमच्या कंसात हेच झालंय. १ ही ट्रॉली. ०.९९९६८७६ ही डबा उतरवलेली ट्रॉली. हवाय तो डबा, ०.०००३१२४. चार अंकी लॉग टेबल म्हणजे दहा किलोनं सरकणारा काटा. आकड्याचे पहिले तीन-चार अंक ९, ९, ९ यातच खर्ची पडले, आणि खरी माहिती होती ती त्यांच्या मागं. शून्य, ७.२, ४.३२ ही तिन्ही उत्तरं एकाच रोगाची आहेत.

आता द्विपद विस्तार (वर्गमुळाच्या जागी चढत्या घातांची मालिका लिहिणं) काय करतो ते बघा. √ च्या आतून अ² बाहेर काढा:

अ/√(अ² + त²) = १/√(१ + क्ष), जिथे क्ष = त²/अ².

तुमच्या गणितात क्ष = ०.००२५/४ = ०.०००६२५. हा लहान आहे, आणि मुख्य म्हणजे याला एकक नाही. पोरांना हे दहादा सांगा. ‘त लहान आहे’ असं कुणी म्हटलं की विचारा, कशाच्या मानानं? ५ सेंमी मुंगीला मोठे असतात. मालिका नेहमी गुणोत्तरात उलगडायची, नुसत्या लांबीत नाही.

द्विपद विस्तार: १/√(१ + क्ष) = १ − क्ष/२ + ३क्ष²/८ − …

हे कंसात घाला:

१ − [१ − क्ष/२ + ३क्ष²/८ − …] = क्ष/२ − ३क्ष²/८ + …

इथं पोरांना फळ्याजवळ बोलवा आणि खडूनं दाखवा. १ मधून १ गेला, तो *कागदावर* गेला, आकडे घालायच्या आधी. त्यामुळे तो पुरा गेला, मागं कचरा न ठेवता. ट्रॉली काट्यावर चढलीच नाही. उरला तो डबा, आणि आता तो किराणा दुकानाच्या तराजूत घालता येतो. लॉग टेबलानंसुद्धा ०.०००६२५/२ काढायला काय अडचण?

क्ष/२ = ०.०००३१२५. गुणिले १४४०० = ४.५. गाईडचं उत्तर.

आता अक्षरात करून बघा: (२कच/त²) × त²/(२अ²) = कच/अ². त कुठं गेली? कटली. लांबून तबकडी ठिपक्यासारखी वागते हे तुमच्या चौथ्या पोरानं मनानं धरलं होतं, ते इथं सिद्ध झालं. त्याला मार्क द्या, पण ‘का?’ एवढं विचारून द्या.

४.५ आणि ४.४९७८९ मधला फरक राउंडिंगचा नाही. तो पुढच्या टर्मचा आहे. क्ष/२ बाहेर काढलं की सगळं असं दिसतं:

क्षेत्र = (कच/अ²) × [१ − (३/४)(त²/अ²) + …]

३/४ गुणिले ०.०००६२५ म्हणजे ०.०००४७. ४.५ मधून तेवढा हिस्सा काढा, ०.००२१. उरले ४.४९७९. म्हणजे तबकडीला ठिपका मानण्यात २ मीटरवर दहा हजारांत पाचाचीही चूक नाही. हे कॅल्क्युलेटरनं कधी सांगितलं नसतं. तो एक आकडा देतो. मालिका आकडा देते आणि तो किती खोटा आहे तेही सांगते.

शून्यवाल्या पोराला रागावू नका. लांब गेलं की क्षेत्र शून्याकडं *जातं*, हे त्याचं खरं आहे. त्याला एवढंच विचारा: कसं जातं? अंतर दुप्पट केलं तर निम्मं, पाव, की आठवा हिस्सा?

---

अर्धा कोड, अर्धा चहा (हिंजवडी)

मास्तरांचा वजनकाटा मी उद्या ऑफिसात वापरणार आहे, आधीच आभार.

आमच्याकडे हा रोग रोजचा. याच सूत्राचा प्रोग्राम एकेरी अचूकतेच्या दशांशात लिहिला (साधारण सात अंक मिळतात) आणि अंतर ५०० मीटर दिलं, तर उत्तर चक्क शून्य. खरं उत्तर १८ भागिले २,५०,००० म्हणजे ०.००००७२. यंत्रानं २,५०,००० मध्ये ०.००२५ मिळवले तेव्हाच ते गिळून टाकले, वर्गमूळ तर पुढची गोष्ट. म्हणजे तुमचा पहिला पोरगा आणि ग्राफिक्स कार्ड सारखंच वागतात. त्याला सांगा, बरं वाटेल.

पण सर, या गणितापुरती मालिकेशिवायही सुटका आहे. √(अ² + त²) ला ‘स’ म्हणा. १ − अ/स = (स − अ)/स. वर-खाली (स + अ) नं गुणा. वर स² − अ² येतं, म्हणजे नुसतं त². सूत्र झालं:

क्षेत्र = २कच / [स × (स + अ)]

वजाबाकी गायब! आणि हे अंदाजे नाही, तंतोतंत आहे. आता लॉग टेबलवाल्याचा तोच ‘चुकीचा’ २.००१ घाला: ३६ भागिले (२.००१ × ४.००१) = ४.४९७. आणि पहिल्याचा २ घाला: ३६/८ = ४.५. तेच राउंडिंग, तीच पोरं, आणि कुणीच चुकलं नाही. मेहनती पोरीच्या २.०००६२५ नं तर ४.४९७८९ येतं, तिला हे नक्की करून दाखवा.

---

निवृत्त मास्तर (सांगली जिल्हा)

वा! हे फळ्यावर आधी दाखवा सर, मालिका नंतर. आम्ही याला अकरावीत ‘परिमेयीकरण’ म्हणायचो आणि पोरं म्हणायची याचा उपयोग काय. हा घ्या.

एक मात्र आहे. ही युक्ती दर वेळी सुचेल असं नाही, आणि दर वेळी असतेच असंही नाही. मालिका ढोबळ, पण सगळीकडं चालते.

---

ओसरीवरचा क्लास (बार्शी)

मास्तर, दादा, काल दीड तास हेच चाललं. वजनकाटा पोरांना इतका भिडला की एक जण म्हणाला, ‘सर, माझे वडील काट्यावरच असतात.’ मग काय, क्लास त्याच्याच हातात.

पण शून्यवाला गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, ‘सर, लांबचं झालं. आता मी तबकडीजवळ जातो, ४ सेंमीवर. मालिका चालते का बघू.’ मी आत्मविश्वासानं मांडलं. क्ष = २५/१६ = १.५६२५. मास्तरांच्या चौकटी कंसात टर्म टाकत गेलो (पुढच्या टर्म मीच काढल्या: +५/८ क्ष², −३५/६४ क्ष³). एक टर्म घेतली तर १. दोन घेतल्या तर −०.१७. तीन घेतल्या तर १.३५. चार घेतल्या तर −०.७३.

उणे! म्हणजे धन चार्जची तबकडी धन चार्जला ओढायला लागली. पोरं हसून लोटपोट. त्या कंसाची खरी किंमत मूळ सूत्रानं ०.४८ येते, ती मी तपासली. जितक्या जास्त टर्म घेतो तितकं बिघडत जातं, हे काय?

---

निवृत्त मास्तर (सांगली जिल्हा)

त्या पोराला माझ्याकडून एक पेन द्या. त्यानं मालिकेची हद्द शोधली.

ही मालिका क्ष एकापेक्षा मोठा नसेल तरच एका जागी स्थिरावते. एकाच्या पुढं गेला की क्ष² हा क्ष पेक्षा मोठा, क्ष³ त्याहून मोठा, पुढं पुढं प्रत्येक नवी टर्म आधीच्यापेक्षा जास्त धिंगाणा घालते. क्ष = १ म्हणजे अ = त. तुमच्या तबकडीसाठी ही वेस ५ सेंमीवर आहे. ४ सेंमीवर गेलात म्हणजे वेशीच्या आत आलात, तिथं बाहेरचा कायदा चालत नाही.

१० सेंमीवर करून बघा, क्ष = ०.२५. एक टर्म: १. दोन: ०.८१२५. तीन: ०.८५१६. चार: ०.८४३०. खरं: ०.८४४६. एकदा वर, एकदा खाली, करत करत जागेवर येतंय. एकाआड एक धन-ऋण आणि टर्म लहान होत शून्याकडं जाणाऱ्या मालिकेत खरं उत्तर कायम शेवटच्या दोन बेरजांच्या मधे असतं. परीक्षेत हे फार कामाला येतं.

वेशीच्या आत काय करायचं? गुणोत्तर उलटं करा. आता अ लहान, त मोठी. अ/त मध्ये उलगडा:

क्षेत्र = (२कच/त²) × [१ − अ/त + अ³/(२त³) − …]

अगदी चिकटून उभे राहिलात तर पहिलीच टर्म उरते, १४४००, अंतराशी संबंधच नाही. तबकडीला कडा आहे हे जवळून कळतच नाही, अमर्याद पत्र्यासमोर उभं असल्यासारखं. लांबून ठिपका, जवळून पत्रा. एकच तबकडी.

मधल्या पट्ट्यात, ५ सेंमीच्या आसपास, दोन्ही मालिका दमतात. तिथं सरळ मूळ सूत्र वापरा. तिथं कंसात १ − ०.७०७ आहे, ट्रॉली आणि डब्याची भानगडच नाही. वजाबाकी करायला मी कधी नाही म्हणालो?

---

देवगडवाला

विषय विजेचा आहे, पण राहवत नाही. आमच्याकडे लहानपणी प्रश्न पडायचा की सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट जोरानं ओढतो, तरी भरती मुख्यतः चंद्राची कशी? उत्तर याच मालिकेत आहे. सगळी पृथ्वी सारखीच ओढली गेली तर पाणी चढणार नाही. चढतं ते अलीकडच्या आणि मधल्या ओढीतल्या फरकानं. म्हणजे १/अ² ची पहिली टर्म वजा झाली, दुसरी उरली, आणि ती १/अ³ नं कमी होते. सूर्य इतका लांब की घनात मार खातो. चंद्राची भरती सूर्याच्या सव्वादोन पटीच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण (मोठी भरती), अष्टमीला भांग (लहान भरती).

डायपोलचं (सारख्याच धन-ऋण चार्जांच्या जोडीचं) क्षेत्र १/अ³ नं का कमी होतं, हे मला समुद्रावरून आधी कळलं, पुस्तकातून नंतर.

---

निवृत्त मास्तर (सांगली जिल्हा)

अगदी तेच. +च आणि −च जवळजवळ ठेवले की लांबून बेरीज शून्य, १/अ² ची टर्म कटते, पुढची उरते.

सर, पोरांना आता एक घरी करायला द्या. एका रेषेत तीन चार्ज: +च, −२च, +च, शेजाऱ्यांमधलं अंतर ‘ड’. त्याच रेषेवर, मधल्या चार्जपासून लांब ‘अ’ वर क्षेत्र काढा. (१ ± ड/अ) चा उणे दुसरा घात उलगडायचा आहे, एवढीच सूचना. किती टर्म घ्यायच्या ते सांगू नका.

---

ओसरीवरचा क्लास (बार्शी)

दिलं होतं. आज वह्या तपासल्या.

सातांपैकी पाच जणांनी शून्य लिहिलं. त्यांनी १ + २ड/अ एवढंच घेतलं. मग १ − २ + १ शून्य, आणि +२ड/अ − २ड/अ तेही शून्य. पोरं खूश, दोनदा कटलं म्हणजे नक्की बरोबर.

मेहनती पोरीनं तिसरी टर्म घेतली, ३ड²/अ², दोन्हीकडून धन, बेरीज ६. तिचं उत्तर ६कचड²/अ⁴. आणि शून्यवाल्यानं, ज्याला मी या वेळी शून्यच येणार असं धरून चाललो होतो, त्यानं वहीत लिहिलंय: ‘दोन टर्मनंतर काही उरलं नाही म्हणून अजून एक घेतली.’ खाली तेच ६.

शनिवारी रात्री मी स्वतः सोडवलं तेव्हा दोन टर्मवर थांबून शून्य लिहिलं होतं आणि दिवा मालवून झोपलो होतो. ते पान मी फाडून टाकलंय. पोरांना यातलं काही सांगितलेलं नाही.